पाचारण ओळखायला शिकवणारा कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

सन १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्न वर्षे, प्रकृती फारशी साथ देणारी नव्हती, घरची शिल्लक म्हणावी अशी काही नव्हती. मिशनशी भांडण होऊन ते बाहेर पडले असेही नव्हते. आपण यापुढे ख्रिस्ताचे संन्यासी म्हणून जगणार, एवढे त्यांनी जाहीर केले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने नव्या कार्याचा आरंभ केला. मराठी कवितेचे वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केलेल्या अनेक पिढ्या महाराष्ट्रात आहेत. मात्र बावीस वर्षे ख्रिस्ती तरुणांच्या सहवासात काढून, त्यांना त्यांचे जीवितकार्य शोधण्यास मदत करून, शेवटी स्वतःलाच तो प्रश्न पुन्हा विचारणारे टिळक तितकेसे परिचित नाहीत.

मराठी ख्रिस्ती समाजात या शोधासाठी एक नेमका शब्द रूढ आहे : पाचारण. ईश्वराने माणसाला एखाद्या कार्यासाठी हाक मारणे, असा त्याचा अर्थ. ही हाक नेमकी कशी ओळखायची आणि ओळखल्यावर तिच्यात वाढायचे कसे, हा प्रत्येक काळातील ख्रिस्ती तरुणापुढचा प्रश्न आहे. टिळकांच्या काळात त्याला आणखी एक धार होती. धर्मांतर केलेल्या तरुणाला आप्तांनी टाकलेले असे. समाज त्याला पोटार्थी म्हणून हिणवी, आणि जगायचे तर मिशनची नोकरी हाच जवळचा मार्ग असे. अशा स्थितीत पाचारण कोठे संपते आणि चाकरी कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड होते.

टिळकांना स्वतःला हा मार्ग सहज सापडला नव्हता. ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. वडील वामनराव सरकारी नोकर आणि स्वभावाने कठोर. आई जानकीबाई भाविक, कवितेची आवड असलेली. आई लहानपणीच गेली आणि मुलाचा घराशी असलेला धागा तेथेच तुटला. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्याशी विवाह होऊन लक्ष्मीबाई झाली. त्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे एक अखंड भटकंती होय. शिक्षकाची नोकरी, कीर्तने, व्याख्याने, नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाखाली संस्कृत ग्रंथांचे काम, ‘ऋषी’ मासिकाचे संपादन, पुढे राजनांदगाव. पैसा हातात टिकत नसे आणि पाय एका गावात ठरत नसत. बायकोला न सांगता निघून जाण्याची सवय तर संसाराच्या आरंभापासूनचीच. आजच्या भाषेत सांगायचे तर हा तरुण कोणत्याही पालकाला काळजीत टाकणारा होता.

नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी कवितेच्या आणि धर्माच्या गप्पा मारल्या आणि नव्या कराराची एक प्रत हाती दिली. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना पुढेही कळले नाही. पुस्तक मात्र त्यांनी अभ्यासकाच्या चिकाटीने, टिपणे काढत वाचले. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर ते थांबले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो एखाद्या गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय धर्मगुरूच्या हातून घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दिवसापासून टिळकांना ख्रिस्त हवा होता; त्यासाठी मराठीपण मोजायला ते तयार नव्हते.

या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. जवळजवळ पाच वर्षे त्या लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या मोठेपणाचे वर्णन करताना ही पाच वर्षे ओलांडून पुढे जाण्याची प्रथा आहे, ती योग्य नाही. एकाच्या पाचारणाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, याचे इतके ठसठशीत उदाहरण मराठीत दुसरे नसेल.

टिळकांच्या पुढील आयुष्याचा बराच काळ अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि राहुरी येथे गेला. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून निघालेला प्रवासी गोदावरी आणि प्रवरा ओलांडून, नेवासे फाटा आणि वडाळा मागे टाकत सुमारे ११५ किलोमीटरवरील त्या शहरात आज अडीच-तीन तासांत पोहोचतो. या रस्त्यावरील वडाळा हे अमेरिकन मिशनचे जुने केंद्र. नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य सांगितले, आणि त्याच तालुक्यातील खेड्यांतून एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यातील बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजातील होती. मराठवाड्याला हा प्रवाह अपरिचित नव्हता. जालन्याजवळ नारायण शेषाद्री या ब्राह्मण ख्रिस्ती धर्मगुरूने बेथेल हे ख्रिस्ती गाव याच शतकात वसवले होते.

या खेड्यांतील तरुण धर्मशिक्षणासाठी नगरला येत. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखालील धर्मशास्त्र विद्यालयात टिळक त्यांचे शिक्षक झाले. गावकुसाबाहेर वाढलेली मुले आणि चित्पावन संस्कृत पंडित, असा हा वर्ग होता. विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र इंग्रजीतून आलेल्या ग्रंथांच्या अनुवादांतून शिकावे लागे. भजनेही इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून केलेली. प्रवचनाची भाषा तर अशी की, आपल्याच गावातील शेतकऱ्याला ती परकी वाटावी. टिळकांनी याच ठिकाणी बोट ठेवले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. त्यामुळे ज्याला मराठी माणसाशी ईश्वराविषयी बोलायचे आहे, त्याने ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम वाचलेच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. अभंग आणि कीर्तन ही परधर्माची साधने आहेत असे त्यांनी मानले नाही. ती आपल्या आजोबांची मिळकत आहे आणि ख्रिस्ती झाल्याने वारसा हक्क जात नाही, ही त्यांची भूमिका होती.

नुसत्या उपदेशावर ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतः शंभराहून अधिक भक्तिगीते लिहिली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत ती आजही टाळ-पेटीच्या साथीने गायली जातात. एखाद्या खेड्यातील विद्यार्थ्याला आपल्याच ओवी-अभंगाच्या वळणाने प्रार्थना करता येते, हे कळणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. आपल्याला काही सांगायचे आहे आणि ते आपल्या भाषेत सांगता येईल, ही जाणीव पाचारणाची पहिली पायरी असावी. १९०४ मध्ये टिळकांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ मध्ये ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासून चालत आलेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. तेथून त्यांनी परदेशी मिशनऱ्यांच्या वडीलकीवर स्पष्ट शब्दांत टीका केली. भारतीय ख्रिस्ती तरुणाला कायम अज्ञान मुलासारखे वागवले, तर तो मोठा कधी होणार, हा त्यांच्या लेखनाचा रोख असे. डॉ. ह्यूम यांच्याशी त्यांचा स्नेह मात्र टिकून राहिला, हे दोघांच्याही मोठेपणाला शोभणारे आहे.

खरी शाळा भरत असे ती टिळकांच्या घरी. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. मिशनच्या आश्रयाला आलेल्या निराधार मुलांसाठी सुतारकाम, विणकाम शिकवणाऱ्या शाळा उघडल्या गेल्या. कित्येक मुले टिळकांच्या आणि तोपर्यंत त्यांच्याकडे परतलेल्या लक्ष्मीबाईंच्या आधाराला आली. लक्ष्मीबाई परतल्या त्या सोवळे-ओवळे बरोबर घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी पत्नीवर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. आपल्याच मनाशी झगडून, माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही या निष्कर्षाला त्या स्वतः पोहोचल्या आणि १९०० मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. थांबून राहण्याचा हा गुण टिळकांसारख्या उतावळ्या माणसात कोठून आला, याचे नवल वाटते. कदाचित पूर्वीच्या पाच वर्षांनी तो शिकवला असेल.

या घरात आलेल्या तरुणांपैकी सर्वांत प्रसिद्ध तरुण ख्रिस्ती नव्हता आणि झालाही नाही. १९०७ मध्ये जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. टिळक त्यात होते. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे याने तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले, रुसवेफुगवे सोसले. टिळकांच्या धर्मनिष्ठेविषयी कोणाला शंका नव्हती. तरी या मुलाची हाक कवितेची आहे हे त्यांनी ओळखले आणि तिला खतपाणी घातले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही पूर्ण झाले नव्हते.

असे असूनही टिळक अस्वस्थ होते. विद्यालयातून बाहेर पडणारे तरुण मिशनचे पगारी प्रचारक होत. पगार परदेशातून येणाऱ्या देणग्यांतून मिळे. बदल्या, बढत्या, वर्गवारी सारे एखाद्या कचेरीसारखे. यातील अनेकजण प्रामाणिक होते. पण गावकऱ्यांच्या दृष्टीने ते साहेबांचे नोकर होते आणि त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने काय होते, हे त्यांनाही सांगता येत नसे. ज्यांना आपण निःस्वार्थ सेवेचे धडे देतो, त्यांच्यासमोर पगारपत्रकावर सही करणारा शिक्षक उभा आहे, ही विसंगती टिळकांना जाचू लागली. महाराष्ट्रात धर्मपुरुषाची ओळख त्याच्या त्यागावरून पटते, पदवीवरून नव्हे, हे त्यांना कीर्तनकार म्हणून फिरताना पुरते ठाऊक झाले होते.

१९१७ चा निर्णय याच अस्वस्थतेतून आला. ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची एकत्र बिरादरी असावी, तिचा भार परक्या पैशावर नसावा आणि तिचे वळण आश्रमाचे व भक्तिपंथाचे असावे, अशी कल्पना होती. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना स्थान देणे अनेक धर्मबांधवांना रुचले नाही. दुसरीकडे हिंदू समाजातील परिचितांना हा धर्मप्रसाराचाच नवा प्रकार वाटला. लक्ष्मीबाईंपुढे तर तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला : नवरा संन्यासी झाला, तर संसाराचे काय? टिळकांनी आयुष्यात दुसऱ्यांदा स्वतःची हाक ऐकली होती, आणि दुसऱ्यांदाही घरच्यांशी पुरेसा विचारविनिमय केला नव्हता. त्यांच्या चाहत्यांनाही ही तक्रार मान्य करावी लागते.

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या प्रभावाने उभे राहिलेले कार्य त्यांच्याच व्यक्तिमत्त्वावर तोललेले होते. ते गेल्यावर दरबार टिकला नाही. संस्था चालवण्याची शिस्त त्यांच्या अंगी कधीच नव्हती. हिशेब, नियम, उत्तराधिकारी यांचा विचार करणारा दुसरा कोणी सोबत असता, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. मात्र भारतीय ख्रिस्ती मंडळी स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या भक्तिपरंपरेत उभी राहावी, ही मागणी पुढील दशकांत देशभर होऊ लागली, तेव्हा टिळकांचे नाव वारंवार घेतले गेले.

त्यांची सर्वांत सरस विद्यार्थिनी विद्यालयाच्या पटावर कधी नव्हतीच. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नात अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना टिळकांनी रागावत, हसत, मध्येच कंटाळून सोडून देत शिकवले, त्यांनी पतीच्या पश्चात मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून आठवणी लिहिण्यास घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. पतीच्या संतापी, उधळ्या, लोभस स्वभावाचे इतके खरे चित्र त्यात आहे की, कोणत्याही गौरवग्रंथाला ते साधले नसते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य लिहायला घेतले होते. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. छापलेले ‘ख्रिस्तायन’ वाचकांच्या हाती आले ते त्यानंतर दोन वर्षांनी.