ऊन मोजणाऱ्या अन्ना मणी

गेल्या मे महिन्यात सुट्टीला देवणीला मामांकडे गेलो होतो. देवणी म्हटलं की बाहेरच्या लोकांना देवणी जातीची जनावरं आठवतात. आम्हाला मात्र मे महिन्यात फक्त ऊन आठवतं. मामांनी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली. आपण नुसता २४ हा आकडा लावायचा, बाकी सगळं गाडीनं बघायचं. सकाळी गाडी सगळं नीट बघायची, पण दुपारी उदगीरच्या रस्त्याला लागलं की पंखा मंद आणि आत बसलेल्यांच्या घामाच्या धारा. एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर लावला, उन्हाचा सेन्सर गेलाय म्हणून निदान केलं आणि नवीन बसवला. आठ दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. परत कॉम्प्युटर लावला, परत तोच कोड, परत नवीन सेन्सर. मामांनी दोनदा पैसे मोजले आणि घाम तसाच. घरात इंजिनिअरिंगला शिकणारा भाचा असताना त्याला काही विचारावं असं कुणालाच वाटलं नाही हे एक बरं झालं, कारण मलाही काही सांगता आलं नसतं.

कॉलेज सुरू झाल्यावर हा किस्सा इन्स्ट्रुमेंटेशनच्या सरांना सांगितला. सर हसले आणि म्हणाले की सेन्सर खोटं बोलतोय की आपण त्याला चुकीच्या जागी प्रश्न विचारतोय, हे ओळखण्यात एका बाईंनी अख्खं आयुष्य घातलं, आधी त्यांचं वाच. नाव सांगितलं अन्ना मणी. रूमवर येऊन सांगितलं तर रूममेटला वाटलं, अण्णा म्हणजे कुणीतरी मद्रासी गृहस्थ असणार! २०२२ साली त्यांच्या जन्मदिवशी गूगलनं त्यांचं चित्र लावलं होतं, तरी आमच्या अख्ख्या विंगमध्ये कुणाला हे नाव माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

अन्ना मणींचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. वडील सिव्हिल इंजिनिअर, शिवाय वेलदोड्याचे मळे. आठ भावंडांत या सातव्या. घरची रीत अशी की मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचं आणि मुलींनी लग्न करून सासरी. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. या पोरीनं त्या नको म्हणून सांगितलं आणि एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागितला. वायकोमच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजी त्या भागात आले, तेव्हापासून खादी अंगावर आली.

मद्रासला फिजिक्स आणि केमिस्ट्री घेऊन १९३९ मध्ये बी. एस्सी. ऑनर्स झाल्या आणि १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आपल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ मध्ये याच संस्थेत केवळ बाई म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला होता आणि हट्टानं ठाण मांडल्यावरच दिला होता. अन्ना मणी आल्या तोवर दार थोडं उघडलं होतं इतकंच.

लहानपणी नाकारलेले हिरे इथं मात्र गळ्यात पडले! तीसहून जास्त हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी घेतले. हिरा द्रवरूप हवेनं थंड करायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि फोटोग्राफिक प्लेटवर पंधरा-पंधरा, वीस-वीस तास एक्स्पोजर द्यायचं. रात्र रात्र लॅबमध्ये. १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध आले. ऑगस्ट १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठानं पीएच. डी. दिली नाही. कारण काय, तर एम. एस्सी.ची डिग्री नाही! कामात कुणी खोट काढली नव्हती, फक्त एक कागद कमी होता. एका विषयाच्या बॅकलॉगवरून वर्ष अडकलेल्या आपल्यातल्या मंडळींना हे वाचून काय वाटेल ते मी लिहीत नाही. त्यांनी स्वतः कधी याचं भांडवल केलं नाही, डिग्री नसल्यानं काही अडलं नाही असंच त्यांचं मत होतं. तो बांधलेला प्रबंध रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात राहिला.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. जायचं होतं फिजिक्समध्ये पुढे शिकायला, पण तिथं जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची. आपल्याकडे मेकॅनिकल हवं असताना दुसरीच ब्रँच मिळालेले जसे असतात तसंच. तीन वर्षं त्यांनी थर्मामीटर, बॅरोमीटर, वाऱ्याची यंत्रं कशी बनवतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशी तपासतात, ते शिकून घेतलं.

१९४८ मध्ये परत आल्या त्या थेट पुण्यात, भारतीय हवामान खात्यात. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांना सिमला ऑफिस म्हणून माहीत आहे, कारण खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथं आलं होतं. मुख्यालय पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण उपकरणांचं काम पुण्यातच राहिलं. तेव्हा साधं पर्जन्यमापकसुद्धा ब्रिटनहून यायचं. विभागप्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांनी हे सगळं इथंच बनवायचं ठरवून वर्कशॉप उभं केलं होतं आणि अन्ना मणी त्यात उतरल्या. १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या, हाताखाली १२१ पुरुष! जवळपास शंभर प्रकारच्या उपकरणांची ड्रॉइंग्ज त्यांनी प्रमाणित करून घेतली. ड्रॉइंग म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, पण त्या ड्रॉइंगमुळेच एका केंद्रावरचं यंत्र बिघडलं तर दुसरीकडे बनलेला भाग त्यात बसू लागला.

आता सरांनी मला हे का वाचायला लावलं त्याकडे येतो. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. त्या निमित्तानं भारतात सौर किरण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं अन्ना मणींनी उभं केलं. सुरुवातीला यंत्रं बाहेरून आली, मग त्यांनी ती इथंच तयार करायला घेतली. ऊन मोजायचं म्हणजे काय करायचं? काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग, त्याच्याखाली थर्मोपाइल. काळा भाग तापतो, बाकीचा कमी तापतो, त्या फरकाचं व्होल्टेज मिळतं. या यंत्राला पायरॅनोमीटर म्हणतात. भर दुपारी एका चौरस मीटरवर हजारेक वॅट ऊन पडत असतं आणि यंत्रातून हातात येतात ते जेमतेम काही मिलिव्होल्ट. काचेवर धूळ बसली, काळा रंग विटला, जोडाला गंज आला की आकडा हळूहळू खाली सरकतो. यंत्र बंद पडत नाही, आकडा देत राहतं, आणि तोच धोका. बंद यंत्र निदान लक्षात तरी येतं. चुकीचा आकडा वहीत जातो, वहीतून नकाशात, नकाशातून कुणाच्या तरी निर्णयात. म्हणून चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेलं बरं, असा अन्ना मणींचा बाणा होता.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? त्यासाठी अँगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाचं एक यंत्र होतं. मँगॅनिनच्या दोन काळ्या पट्ट्या. एक उन्हात, दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून करंट सोडायचा आणि दोन्हींचं तापमान सारखं होईपर्यंत वाढवत न्यायचा. गॅल्व्हॅनोमीटर शून्यावर आला की विजेची जेवढी पॉवर दिली तेवढीच उन्हातून आली. फर्स्ट इयरला आपण पोटेन्शिओमीटरवर शून्य शोधत बसतो तीच युक्ती. या यंत्रानं सरळ येणारं ऊन मोजायचं. मग पायरॅनोमीटरवर एका छोट्या चकतीची सावली पाडायची. सावली पडल्यावर त्याचं रीडिंग जितकं उतरलं तितका सरळ उन्हाचा वाटा. सूर्याच्या कोनाचा हिशेब धरून दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर पायरॅनोमीटर पुन्हा तपासायचं. हे काम निरभ्र आकाशाखाली, उन्हात उभं राहून करायचं असतं, टेबलावर नाही.

सरांनी हेच गाडीला लावून दाखवलं. डॅशबोर्डवर काचेजवळ जो छोटा काळा टिकला असतो तो उन्हाचा सेन्सर, आत फोटोडायोड. काही गाड्यांत अंधारात तपासलं तर हा सेन्सर चांगला असूनही सर्किट तुटल्याचा कोड येतो, कारण प्रकाशच नाही तर करंट कुठून येणार! म्हणून गाडी उन्हात उभी करायची, रीडिंग बघायचं, सेन्सरवर तळहाताची सावली धरायची. आकडा पडला, हात काढल्यावर परत चढला तर सेन्सर ठीक. तापमानाचे सेन्सर थर्मिस्टरचे, तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होणारे. हा गुण फॅरेडेला १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता. ते तपासायची सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे पहाट. गाडी रात्रभर सावलीत उभी असली की बाहेरचा, आतला आणि इंजिनच्या पाण्याचा, तिन्ही सेन्सरनी जवळजवळ एकच तापमान सांगायला पाहिजे. जो वेगळा बोलतो त्याच्यावर संशय. मग त्याला काढून बर्फाच्या पाण्यात शून्य अंशाला आणि कोमट पाण्यात थर्मामीटर शेजारी ठेवून मल्टीमीटर लावायचा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडायचं. आणि नवीन विकत घेण्याआधी कनेक्टर बघायचा. डिस्प्लेवर बाहेरचं तापमान उणे ४० दिसत असेल तर देवणीत बर्फ पडलेला नाही, बहुधा वायर तुटलेली आहे!

जागासुद्धा महत्त्वाची. हवामान केंद्रात थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, म्हणजे हवा लागावी पण ऊन लागू नये. गाडीचा बाहेरचा सेन्सर पुढच्या बंपरमागे सावलीत असतो तो याच कारणानं. तो क्लिपमधून निसटून रेडिएटरजवळ लोंबला तर हवा सोडून रेडिएटरचीच गरमी सांगतो. आतल्या सेन्सरच्या जाळीमागे हवा ओढणारा बारका पंखा किंवा नळी असते. तिथं कचरा अडकला की आकडा उशिरानं आणि चुकीचा येतो, सेन्सर मात्र निर्दोष.

दिवाळीत देवणीला गेलो तेव्हा भर दुपारी गाडी अंगणात काढली आणि उन्हाचा सेन्सर शोधू लागलो. सापडेना. डॅशबोर्डवर मामींनी झालर लावलेलं मरून मखमली कापड अंथरलं होतं, वर गणपती. कापड उचललं तर खाली सेन्सर, नवा कोरा. गाडीच्या लेखी बारा महिने रात्रच होती! आतली हवा २४ ला आली की तिचं समाधान व्हायचं, अंगावर पडणारं ऊन तिला माहीतच नव्हतं. आणि गॅरेजवाल्यानं दोन्ही वेळा पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये, तेही कापड न उचलता तपासलं होतं. कापड कापून घेतलं, गणपती बाजूला सरकवले, दुपारचा पंखा जोरात फिरायला लागला. मामा दोन दिवस अबोला धरून होते. गॅरेजवाल्याशी की मामींशी, ते अजून कळलेलं नाही.

असो. अन्ना मणी उन्हावर थांबल्या नाहीत. १९६० च्या सुमारास त्यांनी ओझोन मोजायचं मनावर घेतलं, तेव्हा ओझोनच्या छिद्राची चर्चासुद्धा नव्हती. फुग्याबरोबर वर जाणारं भारतीय ओझोनसाँड त्यांच्या गटानं १९६४ मध्ये तयार केलं. १९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभा करून दिला. १९६९ मध्ये दिल्लीला बदली झाली, १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून इजिप्तला जाऊन आल्या आणि १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर माणूस पेन्शन घेऊन बसतो. या बंगलोरला रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि इतक्या वर्षांत जमवलेलं उन्हाचं सगळं मोजमाप तपासून १९८० आणि १९८१ मध्ये दोन जाडजूड ग्रंथांत छापलं. देशात कुठं, कोणत्या महिन्यात, किती ऊन मिळतं, हे सौर यंत्र बनवणाऱ्यांना त्यातून मिळू लागलं. पुढे पवनऊर्जेसाठी देशभर शेकडो ठिकाणी वारा मोजायचं काम त्यांनी हाती घेतलं. वारा आणि ऊन मोजणारी यंत्रं बनवणारं एक छोटं वर्कशॉपही बंगलोरला काढलं. १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळालं. लग्न केलं नाही. निसर्गात भटकणं, पक्षी बघणं, पुस्तकं आणि संगीत यांची आवड होती.

१९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि हिंडणं-फिरणं थांबलं. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्या गेल्या, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा राहिला असताना.