वाळवंटातील कीर्तनकार

आषाढीच्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिले की प्रत्येकाची दृष्टी विठ्ठलमंदिराच्या कळसाकडे वळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र याच वाळवंटात यात्रेला एक असा मनुष्य येत असे, की जो देवदर्शनाच्या गर्दीत न शिरता खराटा हाती घेई आणि यात्रेकरूंनी केलेली घाण झाडू लागे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हाती काठी आणि मातीचे गाडगे. रात्र पडली की याच माणसाभोवती हजारोंचा मेळा जमे. गाडगे महाराजांचे चरित्र आमच्या वाचकांस अपरिचित नाही. आज या पर्वावर आम्हांस त्यातील एकाच गोष्टीचा विचार करावासा वाटतो. गावोगावची माणसे, ज्यांतील कित्येक एका पंक्तीला बसावयासही तयार नसत, ती या फाटक्या माणसापुढे एकत्र बसून आपले मन उघडे करीत, ते कशामुळे?

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी, वडिलांचे झिंगराजी, आईचे सखूबाई. दारूच्या व्यसनाने घर धुळीस मिळाले आणि वडील अकाली गेले. मायलेकरे दापुऱ्यास मामांच्या आश्रयाला आली. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेत कसले. आणि अक्षरओळख नसलेल्या त्या घराची जमीन सावकाराच्या वहीत कशी नाहीशी होते, हेही पाहिले. पुढे कीर्तनात ते दारूवर आणि कर्जावर बोलत, तेव्हा श्रोत्यास ते परक्याचे शब्द वाटत नसत, याचे मूळ येथे आहे. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातभाईंच्या अपेक्षेप्रमाणे मांस आणि मद्य न ठेवता त्यांनी गोड जेवण वाढले व रोष पत्करला. लोकांस सांगावयाचे ते आधी आपल्या उंबऱ्याच्या आत करून दाखविलेले होते.

१९०५ च्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडले. त्यानंतरचा त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. गावात शिरल्यावर ते प्रथम पाटलाच्या वाड्यावर जात नसत की देवळाच्या ओट्यावर बसत नसत. ते गटारे साफ करीत, रस्ते झाडीत. भाकरी मिळाली तर ती कामाचा मोबदला म्हणून घेत. दिवसभर हा वेडा कोण म्हणून जे लोक लांबून पाहत, तेच सायंकाळी कीर्तनाला येत. झाडलेल्या रस्त्याने ते आलेले असत, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. वक्त्याने श्रोत्याकडून काही मागण्यापूर्वी त्यास काही दिलेले होते.

आणि ते कीर्तन तरी कसे? पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, पांडित्याचा लवलेश नाही. आरंभी सर्वांना ठाऊक असलेले साधे नामस्मरण. ते एकदा सुरू झाले की मागच्या रांगेतला लाजरा माणूसही त्यात सूर मिळवी. मग अस्सल वऱ्हाडी बोलीत प्रश्न सुरू होत. देवाला बोकड लागतो काय? लग्नासाठी कर्ज कोणी काढले? पोराला शाळेत कोणी घातले? महाराज प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत. समोरून उत्तर आले की त्यातूनच पुढचा प्रश्न काढीत. हसता हसता श्रोता स्वतःच्याच तोंडून आपली चूक बोलून जाई, पण ती चूक तेथे बसलेल्या सगळ्यांचीच असल्यामुळे कोणाची मान एकट्याने खाली जात नसे. हल्लीच्या आपल्या सभासमारंभांत व्यासपीठ उंच असते, हार मोठे असतात आणि श्रोत्याने फक्त टाळ्या वाजवावयाच्या असतात, असो.

ते कोणाचे गुरू झाले नाहीत. पायांवर डोके ठेवावयास आलेल्यास ते काठी उगारून दूर करीत. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता त्यांचा मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. महाराजांनी कीर्तन थांबविले नाही. कोणास हे कठोर वाटेल. एका बापाची ती काय रात्र गेली असेल, याची कल्पना आम्हांस करवत नाही. परंतु समोर बसलेली माणसे दुरून, पायी, आपापली दुःखे घेऊन आलेली होती, आणि महाराजांनी ती सभा आपल्या दुःखापुढे मोडली नाही.

या विश्वासाची खरी परीक्षा पैशाच्या व्यवहारात होती. लोकांनी दिलेल्या देणग्यांतून ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी आदी ठिकाणच्या धर्मशाळा, अन्नछत्रे, गोरक्षणे उभी राहिली. ज्याला सही करता येत नव्हती, त्याच्या शब्दावर धनिक थैली सोडीत. कारण त्यातील एक पैही तो स्वतःच्या संसाराकडे वळविणार नाही, हे सर्वांस ठाऊक होते. घरच्या माणसांना त्यांनी या संस्थांच्या कारभारापासून कटाक्षाने दूर ठेवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, जी देवळाबाहेर ठेवल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधली होती, ती त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या समाजासाठी ती वास्तू उभी राहिली, त्याची मुले तेथे शिकावीत, हा हेतू.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण सुदैवाने राहिले आहे. ते ऐकताना महाराजांच्या थकलेल्या आवाजाइकाच समोरच्या जनसमुदायाचा आवाज कानात भरतो. प्रश्न जातो, क्षणभर थांबतो आणि शेकडो कंठांतून उत्तर येते. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात वाटेतच त्यांचा देह पडला. अमरावतीस त्यांची समाधी आहे.