जंगलाचे धनी आणि त्यांचा वकील

वन राखावयाचे तर वनात राहणाऱ्याला त्यापासून दूर ठेवले पाहिजे, अशी एक समजूत आपल्या राज्यकारभारात सुमारे दीडशे वर्षे ठाण मांडून बसली आहे. इंग्रज गेले, स्वराज्य आले, पंचवार्षिक योजनाही आल्या. ही समजूत मात्र सहजासहजी हलली नाही. तिला आव्हान देणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल, ते गृहस्थ जन्माने इंग्रज, शिक्षणाने ऑक्सफर्डचे आणि दीक्षेने ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. डॉ. व्हेरिअर एल्विन हे त्यांचे नाव. आदिवासींवरील ग्रंथांचे लेखक म्हणून ते आपणांस परिचित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याचा खरा धागा जंगलाच्या मालकीच्या प्रश्नात गुंतलेला आहे, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी डोव्हर येथे झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. एल्विन सात वर्षांचे असतानाच ते निवर्तले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी वाङ्मय आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळविलेल्या या तरुणापुढे चर्चमधील उच्चपदाचा मार्ग मोकळा होता. तो सोडून १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. पुढील वर्षी साबरमतीस गांधीजींची भेट झाली आणि धर्मोपदेश करण्यास आलेला हा पाहुणा राष्ट्रीय चळवळीचा चाहता बनला. जानेवारी १९३२ मध्ये मुंबईच्या मणिभवनातून गांधीजींना अटक झाली, त्या रात्री एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे तेथेच मुक्कामास होते.

जमनालाल बजाज यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून गोंडांमध्ये काम करण्याचे ठरले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हे दोघे मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, मैकल पर्वतराजीतील करंजिया या खेड्यात येऊन राहिले. तेथे त्यांनी शाळा काढली, दवाखाना उघडला, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. सरकारचा संशय आणि चर्चचा रोष दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. राजकीय चळवळीपासून दूर राहण्याची हमी दिल्यावरच त्यांना इंग्लंडहून भारतात परतता आले. नागपूरच्या बिशपांनी धर्मोपदेशाचा परवाना नाकारला. अखेर १९३५ साली त्यांनी चर्चशी संबंध तोडले. शामराव हिवाळे यांनी मात्र पुढे आयुष्यभर त्यांच्या कामाचा भार वाहिला. एल्विन यांच्या कीर्तीत त्यांचा वाटा किती मोठा होता, हे मराठी वाचकाने तरी विसरू नये.

या डोंगरातच एल्विन यांना बैगा भेटले. बैगांची शेती बेवर पद्धतीची होती. झाडे तोडून वाळवावयाची, पावसाळ्यापूर्वी जाळावयाची आणि राखेत कोदो-कुटकीचे बी फेकावयाचे. काही वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे वळावयाचे. नांगर चालविणे म्हणजे धरित्रीमातेची छाती फाडणे, अशी त्यांची श्रद्धा होती. रेल्वेचे स्लीपर आणि इमारती लाकूड यांच्यावर डोळा असलेल्या वनखात्याला बेवर म्हणजे निव्वळ नासधूस वाटली. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरला. १८९० साली एका मर्यादित टापूत बेवर करू देण्यासाठी बैगा चक आखण्यात आला. ज्यांचा सारा डोंगर होता, त्यांना त्याचा एक तुकडा मेहेरबानी म्हणून मिळाला.

१९३९ साली प्रसिद्ध झालेल्या बैगांवरील ग्रंथात एल्विन यांनी या अन्यायाची तपशीलवार मांडणी केली. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी लोखंड गाळणाऱ्या अगरिया जमातीची कथा सांगितली. भट्टीवरील कर, कोळशावरील निर्बंध आणि कारखान्यांतील स्वस्त लोखंड यांनी एक प्राचीन हस्तोद्योग कसा मोडून काढला, याचा तो पुरावाच होता. जंगलावरचा हक्क गेला की केवळ लाकूडफाटा जात नाही. त्याबरोबर धंदा, देवधर्म, आहार आणि जगण्याची उमेद हीही जातात, हे त्यांचे निदान होते.

निदान अचूक असले तरी उपाय वादग्रस्त ठरला. बैगांसाठी राष्ट्रीय उद्यानासारखे एक राखीव क्षेत्र असावे, तेथे त्यांना त्यांच्या रीतीने जगू द्यावे, अशी सूचना त्यांनी केली. माणसांचे प्राणिसंग्रहालय करावयाचे काय, असा प्रश्न मग विचारला गेला. मुंबई विद्यापीठाचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेचा सडेतोड प्रतिवाद केला. आदिवासी हे मागासलेले हिंदूच असून त्यांना अलग ठेवण्याने त्यांचे व राष्ट्राचेही अहित होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या फाळणीपूर्व काळात अलगपणाच्या कोणत्याही कल्पनेकडे साशंकतेने पाहिले जावे, हे स्वाभाविकच होते. एल्विन यांनीही पुढे ती सूचना सोडून दिली. मात्र सावकार आणि दारूचा ठेकेदार यांच्या हातून होणारा संपर्क म्हणजे प्रगती नव्हे, हा त्यांचा मूळ मुद्दा वादात झाकोळला गेला तरी खोटा ठरला नाही.

त्यांच्या खाजगी जीवनातील एक बाब टाळून चालणार नाही. १९४० साली त्यांनी कोसी या गोंड तरुणीशी विवाह केला आणि १९४९ साली घटस्फोट घेतला. एल्विन यांना पुढे मानमरातब मिळाले. कोसींच्या वाट्याला खेड्यातील ओढग्रस्तीचे जिणे आले. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्या थोर माणसांच्या हातूनही त्या दुसऱ्याचा आवाज कसा दबू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९५४ साली नेहरूंच्या राजवटीत ते ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. या प्रदेशासाठी त्यांनी लिहिलेल्या धोरणग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीला नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. तीत मांडलेल्या पाच तत्त्वांपैकी एक असे की, जमीन व जंगल यांवरील आदिवासींच्या हक्कांचा आदर व्हावा. १९६० साली ४३ खास बहुउद्देशीय आदिवासी गटांची पाहणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे ढेबर आयोगाचे सदस्य म्हणूनही त्यांनी हाच विषय हाताळला. जंगलाचे धनी हळूहळू वनखात्याचे ताबेदार कसे बनले, हे त्या आयोगाच्या १९६१ च्या अहवालाने स्पष्टपणे नोंदविले. १९६१ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

त्यानंतर काय झाले? मैकलच्या त्याच परिसरात कान्हाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले होते. पुढे १९७३ च्या व्याघ्रप्रकल्पाबरोबर त्यातील बैगांची गावे बाहेर हलविण्यात आली. एल्विन यांनी बैगांसाठी उद्यान मागितले होते. प्रत्यक्षात उद्यान झाले आणि बैगा बाहेर गेले. इतिहासाचा याहून कठोर उपरोध क्वचितच सापडेल.

तरीही चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. १९९० साली केंद्र सरकारने गावकऱ्यांच्या सहभागाने वनव्यवस्थापन करण्याचे धोरण जाहीर केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याहून पुढचे पाऊल टाकले आणि गौण वनोपज, चराई, जलाशयातील मासे आणि सामूहिक वनाचे व्यवस्थापन हे ग्रामसभेचे हक्क म्हणून मान्य केले. २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. २०१५-१६ च्या सुमारास खुद्द बैगा चकातील सात गावांचे अधिवास-हक्क मान्य झाले. दुसरीकडे, दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश फेब्रुवारी २०१९ मध्ये आला आणि त्याच महिन्यात त्यास स्थगितीही द्यावी लागली. हक्क कागदावर येणे आणि पदरात पडणे यांतील अंतर किती मोठे आहे, हे यावरून दिसते.

एल्विन यांच्यापाशी वकिलाची तळमळ होती, पण अशील न्यायासनापुढे स्वतः उभा नव्हता. मेंढा-लेख्याच्या ग्रामसभेत तो स्वतः उभा राहिला आणि त्याने आपल्या जंगलाचा हिशेब आपल्या हाती घेतला. अशा ग्रामसभांच्या ठरावांना शासन किती किंमत देते, यावरच एल्विन यांच्या आयुष्यभराच्या खटल्याचा निकाल अवलंबून आहे.