पायांनी वाचलेला मुलूख

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की आमच्याकडे दरवर्षी एक बैठक बसते. यवतमाळातली सात-आठ कुटुंबे, खाली सतरंजी, मध्ये नवी दिनदर्शिका आणि चहाचे कप. येत्या वर्षभरात मुलाबाळांना घेऊन कोठे जायचे, रानातले शिबिर केव्हा घ्यायचे, किल्ला कोणता, जत्रा कोणती, याचा आराखडा त्या रात्री ठरतो. आयुष्य बँकेत गेल्यामुळे वर्गणीचा हिशेब ओघानेच माझ्याकडे येतो. यंदा बारा महिन्यांत एकोणीस ठिकाणे कागदावर चढली. ट्रॅव्हल्सची गाडी, आचारी, मुक्काम, सारे हिशेबात बसले. बसली नाही ती एका आजीबाईंची शंका. कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेल्या त्या माउलीने विचारले, की एकेका जागी दोन-दोन तास थांबून लेकरांना दिसणार तरी काय? कोणालाच उत्तर सुचले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. उठून कपाट उघडले आणि हाताला लागली ती गोपाळ नीळकंठ दांडेकरांची पुस्तके. महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणून ओळखतो, जवळची माणसे अप्पा म्हणत. गड आणि कादंबऱ्या यांच्याशी त्यांचे नाव इतके जोडले गेले आहे, की हा माणूस मुळात आपल्या वऱ्हाडचा, हे आपणच विसरून जातो. मुलुखात कसे हिंडावे हे ज्यांच्या आयुष्यावरून शिकावे, अशी जी मोजकी माणसे मराठीत होऊन गेली, त्यांत ते फार वरचे.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याचा. आपल्याकडून अमरावती ओलांडली, की पुढे परतवाडा येते. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, त्या डोंगरात गाविलगडाचा प्राचीन किल्ला, आणि गावात सागवानी लाकडाचा बाजार. डोळे उघडल्यापासून डोंगर ज्याच्या समोर उभा, त्या मुलाचे पाय घरात ठरणे कठीणच होते.

पण गोपाळने घर सोडले ते डोंगरासाठी नव्हे. ते दिवस मिठाच्या सत्याग्रहाचे होते. आपल्या जिल्ह्यापुरते आठवायचे, तर १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव रानात गवत कापून जंगलचा कायदा मोडला आणि कैद पत्करली. अशा वाऱ्यात वयाच्या तेराव्या वर्षी, सातवीतली शाळा अर्धवट टाकून, गोपाळ स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरायला घरातून निघून गेला. मागे राहिलेल्या आईवडिलांचे काय झाले असेल, याची कल्पना ज्यांच्या घरात तेरा वर्षांचे मूल आहे त्यांनीच करावी. भटकंतीचे आपण कौतुक करतो, पण या भटकंतीची पहिली किंमत त्या घराने मोजली होती, हे कौतुकाच्या भरात विसरू नये.

पुढची वर्षे पायांखाली गेली. आज या गावी, उद्या त्या गावी. कधी अन्नछत्र, कधी माधुकरी, कधी नुसते पाणी. पदवी नाही, नोकरी नाही, गाठीला पैसा नाही. या वणवणीत त्यांना गाडगेबाबांचा सहवास लाभला. बाबाही मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. डोक्यावर गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग भाकरी मागायची, रात्री कीर्तन करायचे आणि लोक पाया पडायला जमण्याआधी पुढच्या गावाला निघायचे, हा त्यांचा रिवाज. पाहुणा म्हणून गावात जाणारा माणूस गावाला आधी काही देतो आणि मग घेतो, हा प्रवासाचा केवढा मोठा धडा! तो गोपाळने कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिला. पुढे त्यांनी बाबांचे चरित्रही लिहिले.

शाळा सुटली तरी शिकणे सुटले नाही. संतवाङ्मय वाचले, वेदान्ताचा अभ्यास केला. औंधला वेदांचे थोर अभ्यासक पंडित सातवळेकर यांच्यापाशी राहून काम केले. आणि मग केली ती नर्मदेची परिक्रमा.

आज परिक्रमेच्या बसगाड्या निघतात आणि पंधरा-वीस दिवसांत माणूस घरी येतो. ज्यांचे गुडघे थकले त्यांना तेवढाच आधार, त्यात कमीपणा नाही. पण पायी परिक्रमा म्हणजे काय, ते मुलांना सांगायला हवे. अमरकंटकला उगम पावून भडोचजवळ समुद्राला मिळणारी ही नदी १३१२ किलोमीटर लांब. तिला सतत उजव्या हाताला ठेवून एका काठाने जायचे आणि दुसऱ्या काठाने परतायचे. मध्ये पात्र ओलांडायचे नाही. जवळ पैसा बाळगायचा नाही, मिळेल ते खायचे. चातुर्मासात एका जागी थांबायचे. परंपरेचा हिशेब तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांचा. वाटेत शूलपाणीची झाडी लागे, तेथे भिल्ल परकम्मावासीयांना लुटून घेत, अंगावरचे वस्त्रही ठेवीत नसत. आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली त्या वाटेचा मोठा भाग गेला आहे.

या वाटेने गोनीदा चालले. त्यातून ‘नर्मदेच्या तटाकी’ हे प्रवासवर्णन आले आणि पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी. विशेष पाहा, त्यांनी पुस्तकाला स्वतःचे नाव दिले नाही, ‘कुणा एकाची’ म्हटले. जवळचे सारे सोडून, भिक्षेवर विसंबून चाललेल्या माणसाला आपले नावही थोडे जड होत असावे. माणसांच्या चांगुलपणावर पोट भरण्याची वेळ आली, की माणसे कशी असतात ते कळते. आपल्या गाडीत आचारी असतो, डब्यात चिवडा असतो. म्हणून आपल्याला देऊळ दिसते, पण देवळामागच्या घरातली बाई दिसत नाही.

१९४७ साली त्यांनी एक निर्णय घेतला. लेखणीवर जगायचे. संसार तळेगाव दाभाड्यात मांडला. मराठीत केवळ लिहून घर चालवणे आजही सोपे नाही, तेव्हा तर ते धाडसच होते. बँकेच्या खिडकीपलीकडे बसून मी अनेकांची खाती पाहिली. दरमहा पगार जमा न होणाऱ्या घराची ओढाताण कशी असते, हे मला ठाऊक आहे. तरी त्या घरातून पुस्तकामागून पुस्तक निघत राहिले.

आणि प्रत्येक पुस्तकाखाली एक खरी जागा आहे. ‘पडघवली’च्या मागे कोकणातले मोडत चाललेले गाव. ‘पवनाकाठचा धोंडी’च्या मागे मावळातला तुंग किल्ला, ज्याच्या पायथ्याशी पुढे पवनेचे धरण झाले. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीचा. मुंबईत उमर काढलेला म्हातारा आपल्या डोंगरावर परततो आणि झाडापाखरांत एकटा राहतो, एवढीच ती कथा. ‘जैत रे जैत’मधला ठाकरांचा नाग्या कर्नाळ्याच्या सुळक्यावरच्या मधमाश्यांशी भांडण मांडतो. १९७७ साली जब्बार पटेलांनी त्यावर केलेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’साठी ते दूर भाक्रा-नांगलच्या धरणापर्यंत गेले. आणि आपल्या पूर्णेच्या काठालाही विसरले नाहीत. ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिताना त्यांनी आपली वऱ्हाडी बोली कागदावर आणली. ठाकराची बोली, मावळ्याची बोली, वऱ्हाडी माणसाची बोली, इतक्या बोली एका माणसाच्या कानात कशा राहिल्या? दोन तास थांबून राहत नाहीत. त्या चुलीजवळ बसून, रात्र काढून, पुन्हा पुन्हा जाऊन राहतात.

पुन्हा जाणे, हेच त्यांच्या दुर्गभ्रमंतीचे मर्म होते. रायगडाआधी जी शिवरायांची राजधानी होती, त्या राजगडावर त्यांचा विशेष जीव. एकच गड पावसात पाहावा, थंडीत पाहावा, चांदण्यात पाहावा. गडावरचे दगड गोळा करावेत, फुले ओळखावीत, कॅमेऱ्यात वाटा धराव्यात. फुलांपासून अत्तरांपर्यंत त्यांना साऱ्याचा शौक. बरे, हे सारे एकट्यासाठी नव्हते. कधी काळी घरातून एकटा निघालेला हा मुलगा पिकल्या वयात तरुणांची टोळी घेऊन गड चढू लागला. पडक्या तटापाशी बसून त्या जागेची कथा सांगू लागला. गिर्यारोहणाची मंडळे गावोगाव निघण्याआधी महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांना गडांची वाट गोनीदांच्या पुस्तकांनी दाखवली. ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ पिशवीत घालून निघालेली पिढी आता आजोबा झाली आहे.

मानसन्मान उशिरा का होईना, आले. आपल्या वणवणीची कहाणी सांगणाऱ्या ‘स्मरणगाथा’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सातवीत शाळा सोडून ज्या वऱ्हाडातून निघाले, त्याच वऱ्हाडात ते अध्यक्ष म्हणून परतले. घरच्यांनी मिळून कादंबऱ्यांचे अभिवाचन करण्याची प्रथा त्यांनी सुरू केली, ती कन्या वीणा देव आणि कुटुंबीयांनी पुढे वर्षानुवर्षे चालवली. १ जून १९९८ रोजी गोनीदा गेले. त्यांच्या मागे दुर्गप्रेमींनी मंडळ काढले, दुर्गसाहित्याची संमेलने भरू लागली.

हे सारे आठवत बसलो आणि सकाळी त्या एकोणीस ठिकाणांच्या कागदाकडे पुन्हा पाहिले. मुलांनी घर सोडून परिक्रमेला जावे, असे कोणी म्हणणार नाही. दिवस बदलले, वाटाही बदलल्या. पण त्या आयुष्यातून चार गोष्टी आपल्या आराखड्यात घेता येतात. ठिकाणे थोडी, मुक्काम मोठा. शेवटचा टप्पा पायी. त्या जागेचा माणूस सोबत, आणि तोच त्या दिवसाचा गुरुजी. आणि एखाद्या तरी जागी वर्षातून दोनदा, निरनिराळ्या ऋतूंत.

मग दूरही फार जावे लागत नाही. पावसाळ्याच्या शेवटी पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, आणि तीच नदी उन्हाळ्यात कशी दिसते ते पाहायला दुसरी फेरी. भाद्रपदात कळंबचा चिंतामणी. फाल्गुनात पळस पेटतो आणि पाठोपाठ मोह टपकू लागतो, तेव्हा केळापूरकडच्या एखाद्या कोलाम पोडावर, आधी विचारून, त्यांच्या सोयीने एक मुक्काम. मोह वेचायला पहाटे का उठावे लागते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. रामनवमीला शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीची यात्रा, आपल्या तांड्यांवरची किती माणसे तेथे लोटतात ते पाहण्यासाठी. वैशाखात टिपेश्वर. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य टिपाई देवीच्या नावाने ओळखले जाते. तेथे वाघ दिसला तर उत्तम, न दिसला तर पाणवठ्यावरची पावले ओळखायला शिकणे हेही शिक्षणच. आणि जुलैत पुसदच्या बाजूला, गवताच्या एका पेंढीसाठी माणसे तुरुंगात का गेली, ते त्याच रानात उभे राहून सांगायचे.

पुढच्या रविवारी बैठक पुन्हा बसली. मी हा कागद वाचून दाखवला. थोडी कुरबुर झाली. लांबची दोन नावे गेल्याचे एका सूनबाईंना वाईट वाटले, ती पुढच्या वर्षावर टाकली. एकोणीसची सात झाली. वर्गणी कमी झाली, मुक्कामाच्या रात्री वाढल्या.

सातवे ठिकाण परतवाडा. थंडीत, दोन रात्री. पहिल्या दिवशी गावात हिंडायचे, दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला जाऊन तेथून गाविलगड पायी पाहायचा. तटावर बसून तेरा वर्षांच्या त्या मुलाची गोष्ट मुलांना कोणी सांगायची, यावर थोडी चर्चा झाली. ते काम सुपारीवाल्या आजीबाईंनी मागून घेतले. त्यांचे माहेर परतवाड्याचे आहे, हे इतक्या वर्षांत आम्ही कोणी विचारलेच नव्हते.