सर जगदीशचंद्र बोस
जळगांव-धुळ्याकडील मळ्यांत हल्लीं उन्हावर चालणारे व बिनतारी चित्रें धाडणारे पहाऱ्याचे कॅमेरे दिसूं लागले आहेत. ते पाहतां आम्हांस सर जगदीशचंद्र बोस (१८५८–१९३७) यांचें स्मरण होतें. १८९५ सालीं कलकत्त्यास त्यांनीं बिनतारी लहरी भिंतींपलीकडे धाडून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. पुढें गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक अशा लहरींचीच नव्हे, तर उजेडाचीही चाहूल घेतो, हें त्यांनीं दाखविलें. जणू कृत्रिम डोळाच! आमच्या मतें हाच त्यांचा मोठा शोध होय. मित्रांच्या आग्रहास्तव १९०४ सालीं त्याचें अमेरिकन पेटंट निघालें. परंतु ज्ञानाचा व्यापार त्यांस कधींच मानवला नाहीं. १९१७ सालीं कलकत्त्यास त्यांनीं संशोधनमंदिर स्थापिलें, तेव्हांही तेथील शोधांचें पेटंट घ्यावयाचें नाहीं, असेंच ठरविलें.