आषाढीची वाट आणि गाडगेमहाराजांचा खराटा

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते आणि पाठोपाठ हा वैष्णवांचा मेळा दिघीवरून विश्रांतवाडीच्या रस्त्याने पुण्यनगरीकडे येतो. विश्रांतवाडीच्या नावातच विश्रांती आहे. ती माउलींच्या लेकरांना लाभावी म्हणून त्या दिवशी कळस, धानोरी, टिंगरेनगर या भागांतील घराघरांत पहाटेपासून लगबग असते. कोणी केळी वाटतो, कोणी चहा पाजतो, कोणी वारकऱ्यांचे सुजलेले पाय चेपून देतो. डॉक्टर मंडळी रस्त्याच्या कडेला टेबल मांडून औषधे देतात. हा सारा सोहळा पाहून कोणाही भाविकाचे मन भरून यावे.

पालखी पुढे जाते. मग रस्त्यावर उरतात ते द्रोण, पत्रावळी, चुरगळलेले पेले आणि केळीच्या साली. आडोशाच्या जागी याहूनही ओंगळ असे काही उरते, त्याचा उल्लेख सणाच्या पानावर करावा की नाही असा संकोच वाटतो. परंतु ज्या सत्पुरुषाचे आम्ही आज स्मरण करणार आहोत, त्याला असा संकोच कधी वाटला नाही. वारीच्या वाटेवरची घाण हाच त्याच्या भक्तीचा आरंभ होता. तो सत्पुरुष म्हणजे श्रीसंत गाडगेमहाराज.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या व्यसनात गेले, तेव्हा डेबूजी अगदी लहान होता. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे माहेरी आली. तेथे गुरे राखणे, नांगर धरणे, पिकाला पाणी देणे यांतच त्याचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. एकीकडे दारूने बाप नेला, दुसरीकडे सावकाराच्या कर्जाने मामांची जमीन गिळली. पुढे आयुष्यभर महाराज आपल्या कीर्तनांतून व्यसनावर आणि कर्जावर तुटून पडत, त्याचे मूळ या दोन घावांत आहे.

कुंताबाईंशी विवाह झाला, मुलेबाळे झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारूमटणाची पंगत न घालता डेबूजीने गोडाधोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, नावे ठेवू लागले. त्याने ती मुकाट्याने ऐकून घेतली. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी मध्यरात्री त्याने घर सोडले. अंगावर ठिगळांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या काकणाचा तुकडा, हातात खराटा आणि एक फुटके मडके. त्याच मडक्यात अन्न मागावे, त्याच मडक्याने पाणी प्यावे. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

घर सोडणारे साधू आपल्या देशात पुष्कळ झाले. बहुतेकांनी अरण्याची नाहीतर मठाची वाट धरली. हा मात्र गावात शिरला, तेही जेथे सभ्य माणसे नाकाला पदर लावतात त्या उकिरड्यांपाशी आणि गटारांपाशी.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून तीर्थ आहे. तेथे पौषात यात्रा भरते. त्या काळी काठावर नीट घाट नव्हता. ओल्या काठावर चिखल होऊन म्हातारीकोतारी माणसे घसरून पडत. बाबांनी काय करावे? घमेल्याने कोरडी माती आणून वाटेवर टाकावी, यात्रेकरूंना आधार देऊन वर आणावे, कोणाची मोटली उचलावी. दिवसभर हेच. पुढे १९०८ च्या सुमारास तेथे लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. तीर्थावर आलेल्या माणसाचे हाडही मोडू नये आणि त्यासाठी सरकारच्या मेहेरबानीची वाटही पाहू नये, हा विचार या घाटाच्या पायऱ्यांत चिरेबंद झाला. शिवाय या यात्रेत आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना पंगतीत बसवून जेवू घालण्याचा परिपाठ बाबांनी पाडला. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांच्या पानात स्वतः वाढणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्यांची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. बाबा एखाद्या गावी येत ते कोणाला न कळविता. आल्याबरोबर रस्ते आणि गटारे झाडायला लागत. मुले वेडा समजून खडे मारीत, मोठी माणसे हसत. मग एखाद्या जाणत्याच्या लक्षात येई की हा कोण आहे. पाहता पाहता आणखी चार हात पुढे येत, टोपल्या निघत, सायंकाळपर्यंत गाव लख्ख होई. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. गोपाळाच्या नावाचा गजर झाला की बाबा श्रोत्यांशी सवालजबाब सुरू करीत, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. देवाला बकरा लागतो का, शिवाशिवीने देव बाटतो का, कर्ज काढून लग्न करणे कोणत्या पोथीत लिहिले आहे, असे साधे प्रश्न असत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघे. आम्हांला वाटते, सार्वजनिक आरोग्याचे असे प्रभावी शिक्षण त्या काळी कोणत्याही सरकारी खात्याने दिले नसेल. सरकारी हस्तपत्रिका वाचायला अक्षरे लागतात. बाबांच्या कीर्तनाला कान पुरत.

या शिकवणुकीची निकड समजण्यासाठी त्या काळच्या पटकीची आठवण करावी लागते. आजच्या तरुण वाचकांस पटकी हा शब्दही अनोळखी असेल. जुलाब आणि वांत्या होऊन धडधाकट माणूस काही तासांत दगावे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात या रोगाचा जंतू तळ्याच्या पाण्यात दाखवून दिला. रोग्याची विष्ठा पाण्यात जाते आणि ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते, हा त्याचा मार्ग. पंढरीस आषाढीला लाखो माणसे येणार, वाळवंटात उतरणार, तेथेच शौच, तेथेच स्नान, तेच पाणी पिण्यास. साथ पसरली की वारकरी ती आपल्या गावी घेऊन जाई. गावोगाव मरीआईला कोंबडी-बकरी कापली जात आणि ओढ्याचे पाणी मात्र होते तसेच राही. इंग्रज सरकारने यात्रेकरूंवर कर बसविला, साथीच्या दिवसांत यात्रेवर निर्बंधही घातले. भाविकांना तो धर्मावरील घाला वाटे. अंमलदारांना वाटे, हे लोक अडाणी आहेत.

बाबा या दोघांच्या मधून चालले. त्यांनी वारीला बोल लावला नाही आणि वारकऱ्यालाही तुच्छ लेखले नाही. ते पंढरीत येत, पण विठ्ठलाच्या दर्शनास राउळात जात नसत. लोक दर्शनाच्या रांगेत असताना ते चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. रात्री त्याच वाळवंटात त्यांच्या कीर्तनाला हजारोंचा समुदाय बसे. ज्याला देवाच्या पायांशी जायचे त्याने आधी देवाचे अंगण शुद्ध ठेवावे, हे त्यांनी हाताने करून दाखविले. बळी देण्याविरुद्धचा त्यांचा आवेश आम्हांला याच संदर्भात अधिक कळतो. मुक्या जिवाची दया त्यात होतीच, शिवाय रोगाचे कारण जेथे आहे तेथे लोकांची नजर वळावी ही कळकळही असली पाहिजे.

परंतु स्वच्छतेइतकेच महत्त्व त्यांनी निवाऱ्याला दिले. आषाढाचा पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, छप्पर मात्र सर्वांना सारखे मिळत नाही. पंढरपुरात बडव्यांची आणि उत्पातांची घरे होती, निरनिराळ्या जातींचे मठ होते. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला यांपैकी कोठेही थारा नव्हता. तो भिजत पडे, उघड्यावर रांधी आणि आजारी पडला तर उघड्यावरच मरे. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेरच आहे, त्यांच्या लेकरांची ही स्थिती होती. बाबांनी १९१७ च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेची उभारणी हाती घेतली. येथे वाचकांनी सनावळीकडे लक्ष द्यावे. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. म्हणजे देवळाचे दार उघडण्याच्या कितीतरी आधी बाबांच्या धर्मशाळेचे दार उघडलेले होते. पुढे १९४९ साली ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती तेथे विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या या महात्म्याला विद्येचे मोल किती कळले होते, हे यावरून दिसते.

धर्मशाळा आळंदीस झाली, देहूस झाली, नाशकास झाली. मूर्तिजापुरास गोरक्षण झाले. यासाठी लागणारा पैसा बाबांनी हाताने शिवला नाही. देणाऱ्याने तो विश्वासू मंडळींपाशी द्यावा, त्यांनी हिशेब ठेवावा, असा दंडक होता. संस्थांच्या कारभारात आपल्या नात्यागोत्याचा माणूस येऊ नये याविषयी ते कठोर होते. कुंताबाई आणि मुले साध्या झोपडीत राहिली. एवढ्या इमारती बांधणाऱ्याच्या बायकोला पक्के घर असू नये, ही गोष्ट आमच्या मनाला आजही टोचते आणि त्या माउलीच्या त्यागाची नोंद चरित्रकारांनी पुरेशी घेतली नाही असेही वाटते. मुलगा गोविंद गेल्याची वार्ता कीर्तन चालू असताना आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही.

उतारवयात त्यांचे लक्ष तीर्थांकडून इस्पितळांकडे गेले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत. खाट आणि औषध कदाचित फुकट मिळे. बरोबर आलेल्या बापाने अथवा बायकोने मात्र रात्र कोठे काढावी? पदपथावर. चार दिवसांनी हातातले पैसे संपले की उपचार अर्धवट टाकून सारे गावी परत जात आणि दुखणे त्यांच्याबरोबर परत जाई. गरिबाचा रोग नुसत्या औषधाने हटत नाही, औषध पुरे होईपर्यंत टिकून राहण्याची सोय लागते, हे ज्याने ओळखले त्याने एकही वैद्यकीय ग्रंथ वाचला नव्हता. १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. महाराजांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे सोबती राहतात. कर्करोगावरील किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात. तेवढे दिवस मुंबईत राहणे खेड्यातील माणसाला कोणाच्या बळावर परवडते, हे त्या खोल्या सांगतील.

पुणे शहराला ही परंपरा नवी नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने १० मार्च रोजी निधन पावल्या. १९९३ साली येथेच कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि आमच्या घरांतील ओला-सुका कचरा आज त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हातून जातो. महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले ते बाबांच्याच नावाने. अलीकडच्या वर्षांत पालखीतळांवर फिरती शौचालये उभी राहू लागली आहेत, हेही मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे.

पण एक गोष्ट भाविक घरांनी ऐकून घ्यावी. यात्रेनंतर पंढरीत हाताने मैला उचलावा लागणाऱ्या सफाई कामगारांचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा कामावर माणूस लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच मोजक्या जातींच्या वाट्याला आले आहे. बाबांनी खराटा हाती घेतला तो ही वाटणी मोडण्यासाठी. एका जातीच्या गळ्यात बांधलेले काम त्यांनी पाटलाच्या आणि सावकाराच्या हाती दिले आणि त्याला सेवेची प्रतिष्ठा दिली. विश्रांतवाडीच्या मांडवात वारकऱ्याला केळे देणाऱ्या हाताजवळच सालीसाठी टोपली असेल, पालखी गेल्यावर तोच हात तास-दीड तास रस्ता झाडील आणि पहाटे आलेल्या महापालिकेच्या झाडूवाल्या बाईलाही चहाचा पेला मिळेल, तर माउलींच्या सेवेत काही उणे पडेल असे आम्हांला वाटत नाही. गेली काही वर्षे पुष्कळ तरुण मंडळे असे करू लागली आहेत. सर्वांनी का करू नये?

बाबांच्या अखेरच्या वर्षांत शरीर थकले होते, तरी कीर्तने आणि फिरती थांबली नव्हती. १९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे मोटारीने नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. ज्याने नदीकाठ झाडण्यात आयुष्य घालविले त्याचा अंत नदीवर, वाटेत झाला. आपले देऊळ बांधू नये, मूर्ती बसवू नये, असे त्यांनी भक्तांना बजावून ठेवले होते. भक्तांना ते राहवले नाही. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. दर डिसेंबरात तेथे यात्रा भरते आणि अंधपंगूंच्या पंगती बसतात.