दोन कानांचे गणित

संगणकावर गेम खेळणाऱ्या मुलासाठी हेडफोन घ्यायला गेलेल्या पालकांना दुकानात हल्ली एक आकडा हमखास ऐकवला जातो: सेव्हन पॉइंट वन. म्हणजे सात दिशांनी येणारा आवाज आणि शिवाय वेगळा खर्ज. किंमतही त्याच मानाने. कान मात्र दोनच, आणि बहुतेक हेडफोनमध्ये स्पीकरही दोनच. तरीही गेममध्ये मागून येणाऱ्या शत्रूची पावले मागूनच ऐकू येतात. दोन कानांना दिशा कशी कळते, या कोड्याचा पाया ज्यांनी घातला ते लॉर्ड रॅले. आकाश निळे का दिसते याचे गणित मांडणारे तेच.

त्यांचे मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट. जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, बड्या जमीनदार घराण्यात. लहानपणी प्रकृती तोळामासा, त्यामुळे ईटन आणि हॅरो या नामांकित शाळांत ते फार काळ टिकले नाहीत. केंब्रिजमध्ये मात्र १८६५ साली गणितात पहिले आले. १८७१ मध्ये लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी ऱ्हुमॅटिक फीव्हरने त्यांना गाठले.

या आजाराबद्दल डॉक्टर म्हणून दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. घशातल्या साध्या जंतुसंसर्गातून सुरू होणारा हा ताप सांधे सुजवतो, आणि पुष्कळदा हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवतो. सरकारी रुग्णालयात अशी तरुण मुले-मुली आम्ही आजही पाहतो. रॅले यांच्या काळात पेनिसिलिन नव्हते. डॉक्टरांचा उपाय म्हणजे विश्रांती आणि उबदार हवा. म्हणून ते हिवाळ्यात इजिप्तला गेले आणि नाईल नदीवर हाउसबोटीत राहिले. तिथे, हाताशी ग्रंथालय नसताना, त्यांनी ध्वनीच्या सिद्धांतावरचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये निघाले आणि ध्वनिशास्त्राचे विद्यार्थी ते अजून उघडतात.

वडिलांच्या निधनानंतर १८७३ मध्ये सरदारकी त्यांच्याकडे आली. शेतीवाडीचा कारभार त्यांनी लवकरच धाकट्या भावावर सोपवला आणि टर्लिंगच्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. दिशेचा प्रयोग त्याच सुमारास, १८७६ च्या आसपासचा. त्याला प्रयोगशाळाही लागली नाही. हिरवळीच्या मधोमध एकाने डोळे मिटून उभे राहायचे, बाकीच्यांनी भोवती उभे राहून बोलायचे, आणि आवाज कुठून आला ते मधल्याने सांगायचे. माणसाचा आवाज असेल तर एखादा शब्दही पुरे होई. मग त्यांनी नादकाटे घेतले, तेच जे आमच्या कान-नाक-घसा ओपीडीच्या टेबलावर असतात. त्यांच्या शुद्ध स्वरात डावे-उजवे चटकन कळे. पुढचे की मागचे, यात मात्र गल्लत होई.

कारण सोपे आहे. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी आणि मोठा ऐकू येतो, डाव्याला उशिरा आणि लहान. अगदी समोरचा आणि अगदी मागचा आवाज मात्र दोन्ही कानांवर सारखाच पडतो. तिथे मदत करते ती कानाची पाळी. तिच्या घड्या पुढून आणि मागून आलेल्या आवाजाला वेगवेगळा रंग देतात. पण त्यासाठी आवाजात अनेक स्वर मिसळलेले लागतात, नादकाट्याचा एकच स्वर पुरत नाही.

एक अडचण उरली होती. डोक्याची सावली बारीक, उंच स्वरांवर पडते. खर्जाच्या लांब लाटा डोक्याला वळसा घालून जातात, त्यामुळे दोन्ही कानांत आवाज जवळजवळ सारखाच मोठा असतो. तरी खर्जाची दिशा कळते. हे कोडे रॅले यांनी तीस वर्षे सोडले नाही. मधल्या काळात केंब्रिजला कॅव्हेंडिश प्राध्यापकपद सांभाळून झाले, हवेतला आरगॉन वायू रॅम्से यांच्यासह शोधून झाला, १९०४ चे नोबेल मिळाले. त्या पारितोषिकाचे पैसे त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकले. आणि १९०७ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, उत्तर छापले. किंचित वेगळ्या स्वराचे दोन नादकाटे नळ्यांतून दोन कानांना ऐकवले, तर आवाज संथपणे डावीकडून उजवीकडे आणि परत फिरल्यासारखा वाटतो. म्हणजे खर्जात कान लाटांच्या वेळेतला फरक मोजतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो.

आजचे गेम हेच दोन फरक, आणि पाळीचा तो रंग, गणिताने तयार करून दोन स्पीकरमधून सोडतात. ते गणित कुणातरी सरासरी कानावर बेतलेले असते. तुमची पाळी वेगळी असेल तर पुढच्या-मागच्याची जुनी गल्लत पुन्हा होते. म्हणून डब्यावरचा आकडा पाहू नये, डोक्याला लावून ऐकावे. माझ्या मते, दोन्ही बाजू सारख्या वाजणारा साधा चांगला स्टिरिओ हेडफोन आणि गेममधलीच थ्रीडी ध्वनीची सोय एवढे पुष्कळांना पुरते. मात्र गेमची आणि संगणकाची अशा दोन्ही सोयी एकदम चालू ठेवू नयेत, दिशा पुसट होते. खरे पाच स्पीकर लावायचे तर दोन पाठीमागे तिरके ठेवायला जागा हवी. पलंग भिंतीला टेकलेल्या खोलीत ते नुसते शोभेला राहतात.

मोठा खर्च करण्याआधी एक डोळे मिटून चाचणी घरीच करावी, रॅले यांच्या हिरवळीवरच्यासारखी. मुलाला सारखी दिशा चुकत असेल, तर दोष हेडफोनचा नसेल. जुना वाहता कान, फाटलेला पडदा, किंवा नुसता मळ यांनी एक कान मंदावला की दिशा जाते. असे रुग्ण आम्हाला सांगतात, की हॉर्न ऐकू येतो पण गाडी कुठल्या बाजूने येते ते कळत नाही. रस्ता ओलांडताना त्याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

आवाजाची पातळी हा दुसरा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. तो ९० वर नेला की उरतात फक्त ४ तास. लहान मुलांची मर्यादा आणखी कमी, ७५ डेसिबल. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि गोंगाटाने आधी जातात त्या उंच स्वरांच्या. म्हणजे ज्यांवर डोक्याची सावली पडते तेच स्वर. खेळ संपल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर आवाज जास्त होता. ती शीळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान तपासून घ्यावा.

तरुणपणी ज्यांच्या जिवाची शाश्वती नव्हती ते रॅले शहात्तर वर्षे जगले. ३० जून १९१९ रोजी टर्लिंगच्या घरीच त्यांचे निधन झाले. समुद्राचा निळेपणा हे आकाशाचे प्रतिबिंब, हे त्यांचे मत त्यानंतर दोनच वर्षांत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बोटीच्या प्रवासात तपासून खोडले. दिशेचे दोन-कानी गणित मात्र, पुढच्या शतकात भर पडत गेली तरी, मुळात त्यांचेच राहिले आहे.